करडानं खाल्लेली पानं

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी, उभ्या आयुष्यात कुणाचं तोंडदेखलं कौतुक केलेलं नाही. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी असा दुसरा माणूस सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. आमच्याकडे लग्नात जेवून उठलेला माणूस हात धुता धुता 'झकास झालं होतं सगळं' असं यजमानाला सांगून मोकळा होतो. मामा हात धुतात, उपरण्याला पुसतात, यजमानाला बाजूला घेतात आणि सांगतात, "वरण पातळ, भात बरा, जिलबी कालची." मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीकडून बोलायला हेच बसले होते. रांजणगावची माझी कंपनी, पगार, शिफ्ट सगळं विचारून झाल्यावर ते माझ्या वडिलांकडे वळले आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पर चालताना खांदं पाडतंय आन् चहा फुरकतंय." वडिलांना ते फार लागलं होतं. आमच्या लग्नाला आता अठरा वर्षं झाली, पण आजही पाटसला मामांच्या दारात गाडी लावली की मी आधी खांदे वर ओढतो आणि मगच आत जातो.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे, असं माझं मत. मामा साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे भल्यामोठ्या बंद भांड्यात उसाचा पाक शिजत असताना त्यात साखरेचा दाणा धरला की नाही, हे ओळखणारा माणूस. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, बोटानं पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि सांगायचं. दाणा बसला असेल तर बसला, नसेल तर नाही. पाठीमागं प्रत्यक्ष साहेब येऊन उभा राहिला तरी 'होईल हो थोड्या वेळात' असं म्हणून भागत नाही. चौतीस वर्षं हे काम केलेला माणूस रिटायर झाल्यावर सगळं जगच काचेच्या पट्टीवर घेऊ लागला. सरपंचाचं भाषण, शेजाऱ्याची सून, मामींचं लोणचं, टीव्हीवरचा हवामानवाला, सगळ्यांना एकच कसोटी. "दाणा न्हाई" म्हटलं की विषय संपला. "बारीक दाणा हाय" ही बऱ्यापैकी स्तुती. आणि "दाणा बसलाय" हे शब्द ज्याच्या वाट्याला आले, तो माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा मामी हसत म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्सं सैपाक करतीया मी. अजून पाकच हाय म्हनं माझा."

असल्या माणसाच्या हाती मी पुस्तकं दिली, ही माझी चूक. एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवत असताना आपलं ज्ञान दाखवावं म्हणून मी सांगत होतो, की पुण्यात दोघीतिघींनी मिळून एक पुस्तक मंडळ काढलंय. जुनी, छापायची बंद झालेली, लोकांच्या विस्मरणात गेलेली पुस्तकं त्या शोधून पुन्हा छापतात आणि दर दोन महिन्यांनी एकेक सभासदांना टपालानं घरपोच पाठवतात. कुठलं पुस्तक येणार हे पार्सल फोडेपर्यंत कळत नाही. मामांचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"इसरलेली पुस्तकं? कुणी इसरलेली?"

"लोकांनी, मामा."

"मी न्हाई इसरलो," मामा म्हणाले. "माझं एक पुस्तक हाय. ते छापत्याल का?"

मामी आमटी वाढता वाढता थबकल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याचं असं एखादं पुस्तक असल्याचं त्यांना नव्यानंच कळत होतं. मग मामांनी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. मामांच्या वडिलांकडे मेंढरं होती. पाऊसकाळ भीमेकाठच्या आपल्या गावात काढायचा आणि दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं, ते ज्येष्ठात परत यायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता. मामांच्या वाट्याला शाळा यायची ती पावसाळ्यातले चार महिने. शाळेत एक गुरुजी होते, त्यांनी स्वतः एक लहानशी कादंबरी लिहून पदरमोड करून छापली होती. मामा चौथीत असताना, कळप निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी तिची एक प्रत त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "आठ महिन्यांत अक्षर विसरशील. रोज एक पान वाच." मामांनी खरोखर रोज एक पान वाचलं. भीमेवरचा एक नावाडी, नदीवर पूल बांधायला आलेली माणसं, आणि पूल झाल्यावर या नावेचं काय होणार अशी ती गोष्ट. पूल पुरा होत आला, उद्या पहिली गाडी जाणार, नावाडी काठावर येऊन बसला, इथवर मामा पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो शेरडाच्या एका करडानं पुस्तकाची शेवटची अकरा पानं खाऊन टाकलेली. बारावं पान त्याच्या तोंडात होतं, ते मामांनी ओढून काढलं.

"साठ वर्सं झाली," मामा म्हणाले. "त्यो नावाडी अजून तितंच बसलाय, जावईबापू."

त्या दिवशी मामा सभासद झाले. फॉर्म मी मोबाइलवर भरत होतो तर ते माझ्या खांद्यावरून वाकून प्रत्येक अक्षर तपासत होते, आणि भरून झाल्यावर "कागदावर न्हाई का?" म्हणून त्यांनी तोच मजकूर एका पोस्टकार्डावर लिहून वेगळा पाठवला.

पहिलं पार्सल आलं तो दिवस मी विसरणार नाही. कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा उसाच्या पहिल्या मोळीची पूजा करतात, नारळ फोडतात आणि मग ती गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात. चौतीस हंगाम पाहिलेल्या मामांना पूजेशिवाय पुस्तकाला हात लावणं पटेना. मला हाफ डे घ्यायला लावून बोलावलं. पाच-सहा जुने सहकारी आले होते, त्यांपैकी एक युनियनचा माणूस असल्यामुळे त्यानं थोडं भाषणही केलं. पार्सल पाटावर, त्याला हळदकुंकू, समोर नारळ. पोस्टमनला सक्तीनं थांबवून ठेवलं होतं, कारण मोळी आणणाऱ्याचा मान असतो. त्याला टोपी आणि उपरणं मिळालं. तो बिचारा म्हणत होता, "मामा, अजून धा घरं ऱ्हायल्यात," पण पेढा खाल्ल्याशिवाय कुणी त्याला सोडलं नाही. मग मामांनी खिळ्यानं टेप फाडला, पुस्तक बाहेर काढलं, एक पान अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळलं, उजेडाला धरलं, आणि शेवटची पानं जागेवर आहेत ना हे मोजून पाहिलं. पुस्तक गुरुजींचं नव्हतं. कुण्या गृहस्थानं बैलगाडीतून केलेल्या प्रवासाची ती हकिगत होती. मामांचा चेहरा जरा उतरला, पण आठवड्यात त्यांनी ती वाचून काढली आणि मंडळाला कार्ड टाकलं: "पुस्तक पोचले. पहिली चाळीस पाने पाक. पुढे बारीक दाणा. पान ९२ वर पांढरा बैल तांबडा झाला आहे, लेखकास विचारून कळवावे."

लेखकाला जाऊन बराच काळ लोटला होता. पण मंडळाच्या बाई मोठ्या समंजस. त्यांनीही पोस्टकार्डानंच उत्तर दिलं, की लेखक हयात नाहीत, तरी बैलाबद्दल आम्हीही साशंक आहोत. झालं, मामांना बरोबरीचा माणूस भेटला. दुसऱ्या पुस्तकाला त्यांनी लिहिलं, "दाणा नाही. कागद उत्तम आहे, यावर दुसरे काही छापता आले असते." तिसऱ्याला, "बाईमाणसांची बोलणी खरी वाटतात, पुरुष सगळे एकसारखे." मी बाईंना फोन करून मामांच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली, तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, आमचे बाकीचे सभासद नुसता अंगठा पाठवतात. तुमच्या मामांचं कार्ड आलं की आम्ही तिघी चहा टाकतो आणि वाचतो." प्रत्येक कार्डाच्या तळाशी मात्र एक ओळ ठरलेली असे: "आमच्या गुरुजींच्या पुस्तकाचे काय झाले?"

बाईंनी खरं ते कळवलं. पुस्तक छापायला आनंदच आहे, पण छापायचं कशावरून? एक तरी पुरती प्रत हवी. मामांची स्वतःची प्रत कोकणातल्या पावसात केव्हाच लगदा झाली होती. तेव्हा आमची शोधमोहीम सुरू झाली. माझी सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी मोटारसायकलवर मागं मामा आणि आम्ही दोन्ही तालुक्यांतल्या वाचनालयांच्या दारात. कुठं कुलूप, कुठं किल्ली असलेला माणूस बाजाराला गेलेला, कुठं कपाटात नुसती स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. एका ठिकाणी ग्रंथपालानं मोठ्या कौतुकानं नवी इमारत दाखवली, तर मामा म्हणाले, "फरशी चांगली हाय. पुस्तकं कुठं ठिवली?" तिथून आम्हाला चहाही मिळाला नाही. अशी थंडी सरली. शेवटी शिरूरच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी सांगितलं, की गुरुजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांची मुलगी दौंडला असते, यजमान रेल्वेत होते.

आम्ही दौंडला गेलो. ताई सत्तरीच्या, पाठ थोडी वाकलेली. पुस्तकाचं नाव काढताच त्या तडक देवघरात गेल्या आणि लाल फडक्यात बांधलेली प्रत घेऊन आल्या. कव्हरवर हळदकुंकवाचे डाग होते. "रोज फूल वाहते," त्या म्हणाल्या. "वाचायला मागणारे तुम्ही पहिलेच." पुस्तक बाहेर नेऊ द्यायला त्यांचा जीव होईना, म्हणून बाईंच्या सांगण्याप्रमाणे मी तिथंच एकेक पान मोबाइलवर टिपू लागलो. मामा पानं उलटून धरत होते. शेवटाजवळ आलो तसा मी हळूच म्हणालो, "मामा, आली बघा तुमची अकरा पानं. वाचा की." मामांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला आणि चष्म्याशिवाय पानं उलटत राहिले. मला काही उमगेना. तेवढ्यात ताई आतून चहा घेऊन आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "बाबा एका मेंढरंवाल्याच्या मुलाचं फार सांगायचे. म्हणायचे, माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला एकच वाचक, चौथीतला. शेवट फार आवडला म्हणाला होता. शेवटच्या आजारातसुद्धा हे सांगताना हसले होते." मामांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला आणि "येतो आमी, ताई," म्हणून उठले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या चहाबद्दल त्यांनी मत दिलं नाही.

कुरकुंभच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसले आणि मग बोलले.

"त्यो पोरगा मीच, जावईबापू. ज्येष्ठात माघारी आलो तवा गुरुजींनी इचारलं, वाचलंस का? म्हणलं, व्हय. म्हणाले, शेवट कसा वाटला? आता करडानं खाल्ला म्हून कसं सांगू? म्हणलं, लई चांगला, गुरुजी. त्यांचं त्वांड असं झालं, असं झालं..." मामांनी दोन्ही हात फाकवून दाखवलं. "त्याच दिशी आमच्या आबाकडं आले. म्हणाले, पुरतं पुस्तक वाचणारं पोरगं मेंढरांमागं धाडू नगा, मी त्याला बोर्डिंगात घालतो. त्यांच्या खर्चानं लांबच्या बोर्डिंगात ऱ्हाऊन मॅट्रिक झालो, तवर त्यांची बदली झाली, पुना गाठ पडली न्हाई. कारखान्यात लागलो. ह्ये घर, तुमची मामी, समदं त्या एका खोट्यावर उभं हाय."

"मग आज वाचायचा होता ना शेवट. समोर होता."

"त्यांच्या लेकीच्या देखत? वाचताना माझं त्वांड बघून तिला कळलं असतं की, ह्यो पहिल्यांदाच वाचतोय." मामांनी उपरण्यानं डोळे पुसले, त्यात काही लपवाछपवी केली नाही. "छापून येऊ द्या. टपालानं येऊ द्या. मग मी बसून वाचीन आन् जे गुरुजींना म्हणलो हुतो ते खरं करीन. येवढंच ऱ्हायलंय बगा माझं."

आता एवढंच राहिलं म्हणणाऱ्या माणसानं पुढचे आठ महिने आम्हाला जगू दिलं नाही. पुरेशा सभासदांची मागणी आल्याशिवाय मंडळाला छापणं परवडत नव्हतं, म्हणून मामांनी सभासद गोळा करायला घेतले. पाटसचा केशकर्तनालयवाला झाला, केडगावच्या स्टेशनवरचा चहावाला झाला. आमच्या कंपनीच्या बसमध्ये मी चौघांना केलं. आमचा सुपरवायझर पाटण्याचा, त्याला मराठी वाचता येत नाही, पण मामांनी त्याला माझ्या फोनवरून सांगितलं, "साब, तुम्हारा नाव लिख लिया हय. पढना नई आता तो सीखना," आणि तो गोंधळून हो म्हणाला. पुस्तकाचं नाव मी इथं सांगत नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं सभासद व्हावं, अशी मला ताकीद आहे.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला पार्सल आलं. या वेळी नारळ नाही, पाट नाही, मला निरोपसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मामींचा फोन आला. "जावईबापू, येऊन जावा. पुस्तक वाचलं आन् तवापासनं गप हायती. लोणच्याला नावंसुदिक ठिवलं न्हाई."

मी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि आतल्या खोलीकडं बोट केलं. मी दुपारभर वाचलं. खरं सांगतो, सुंदर पुस्तक. नदी, नाव, पुलाचे एकेक करून उभे राहणारे खांब, आपल्याच नावेतून सिमेंटच्या गोण्या पलीकडं नेऊन देणारा तो नावाडी, सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं. मी चहा फुरकायचासुद्धा विसरलो. आणि मग ती अकरा पानं आली. शेवटच्या अकरा पानांत नावाडी एकाएकी साक्षर होतो, पुलाच्या उद्घाटनाला साडेचार पानांचं भाषण करतो, त्यात शिक्षणाचं महत्त्व, दारूचे दुष्परिणाम आणि सेंद्रिय खत हे तिन्ही विषय येतात, आणि मग गावातल्या सगळ्यांचं एकदम भलं होतं. नावेचं काय झालं, याचा पत्ताच नाही. गुरुजींमधल्या लेखकाला बाजूला सारून गुरुजींमधले गुरुजी पुढं आले होते. सगळ्या दुनियेला काचेच्या पट्टीवर घेणारा माणूस, साठ वर्षं वाट पाहून, हे वाचून बाहेर बसला होता.

मी ओट्यावर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. तोंडात आलं ते बोललो. "मामा, तुमच्या त्या करडाला वाङ्मयातलं बरंच कळत होतं."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. आता खांद्यांवरून बोलणी बसणार असं वाटलं, तर ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मामी पाणी घेऊन धावल्या. पाणी पिऊन झाल्यावर मी धीर करून विचारलं, "खरं सांगा, दाणा बसलाय?"

मामांनी चष्मा पुसला. समोरच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसले.

"गुरुजींना मी आदीच सांगून ठिवलंय," ते म्हणाले. "आता शबुद फिरवायचा व्हय?"

निघताना त्यांनी समोरच्या टपालपेटीत टाकायला दोन कार्डं दिली. पोस्टकार्ड हे काही झाकलेलं नसतं, त्यामुळं मी वाचली असं म्हणण्यापेक्षा मला ती दिसली. एक मंडळाला होतं: "पुस्तक पोचले. दाणा बसला आहे." एवढंच. पान, बैल, कागद, काही नाही. आणि तळाची ती ठरलेली ओळही आता नव्हती. दुसरं दौंडच्या ताईंना: "ताईंस नमस्कार. गुरुजींचे पुस्तक पुन्हा वाचले. शेवट लहानपणी वाटला होता तितकाच चांगला वाटला."

उभ्या आयुष्यात मामांनी कुणाचं खोटं कौतुक केलेलं नाही, असं मी सुरुवातीला पैजेवर बोललो. ती पैज मी हरलो, हे कबूल करतो. त्यांनी ते दोनदा केलं, एकाच माणसाचं, साठ वर्षांच्या अंतरानं. मी दोन्ही कार्डं पेटीत टाकली, आणि मागं वळून पाहिलं तर ओट्यावरून मामा मला खुणेनं सांगत होते, खांदे वर.